मदत हवी आहे: अरीना फुटबॉल आणि इनडोअर फुटबॉल, नेमका फरक काय?

मक्याचं_कणीस
मंडळी, आम्ही अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डे मॉईनला असतो. शनिवारी आयोवा बार्नस्टॉर्मर्स या इथल्या टीमची मॅच बघायला जातोय (बंदिस्त हॉलमध्ये खेळतात ते अमेरिकन फुटबॉल), सोबत पुण्याहून आलेले सासरे. प्रश्न विचारून भंडावून सोडतात, म्हणून आधीच तयारी करतेय. पुढे गाजलेला खेळाडू कर्ट वॉर्नर बार्नस्टॉर्मर्सकडून खेळायचा तेव्हाचे व्हिडिओ पाहिले. गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना उंच जाळ्या, त्यांवर आपटून परत आलेला बॉल पकडून गडी सुसाट पळतोय! आताच्या मॅचमध्ये जाळ्याच नाहीत. मैदान तेच ५० यार्डांचं, गडी आठ-आठच, टीमचं नावही तेच. मग जाळ्या गेल्या कुठे? आणि नुसत्या किकऑफवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या किकवर, २ गुण कसले मिळतात? एनएफएलशी (मोठ्या मैदानावरच्या अमेरिकन फुटबॉल लीगशी) तुलना नको, तेवढं कळतं.

थर्ड_डाउन
टीमचं नाव तेच असलं तरी लीग बदललीय. वॉर्नर १९९५ ते ९७ खेळला ते अरीना फुटबॉल लीगमध्ये. आताचे बार्नस्टॉर्मर्स इंडोअर फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे आयएफएलमध्ये आहेत.

जाळ्या नसण्याचं कारण चक्क पेटंट. जिम फॉस्टरने १९८१ मध्ये इनडोअर सॉकरची मॅच बघता बघता एका पाकिटावर या खेळाचा आराखडा काढला. १९८७ मध्ये लीग सुरू झाली, १९९० मध्ये पेटंट मिळालं. जाळ्या ३० फूट रुंद, ३२ फूट उंच. हुकलेला फील्ड गोलसुद्धा (खांबांमधून मारायची गुणांची किक) जाळीला लागून आला की बॉल चालू, ज्याच्या हाती लागेल तो पळणार. इतर लीगना ते वापरता येईना, म्हणून त्यांनी जाळ्यांशिवाय खेळ बसवला. पेटंट २००७ मध्ये संपलं, पण आयएफएलने जाळ्या घेतल्या नाहीत. माझ्या मते तिथेच खेळातली अर्धी गंमत गेली. आणि तुमच्या गावचे मूळ बार्नस्टॉर्मर्स उभे केले तेही फॉस्टरनेच!

कठड्यापाशी
गंमत गेली वगैरे काही नाही हो. जाळी नाही म्हणून तर किकऑफला वेगळी मजा आहे. किक थेट दोन खांबांमधून गेली तर २ गुण, त्याला ड्यूस म्हणतात. शेवटच्या मिनिटाला दोन गुणांनी मागे असाल तर किकरच हिरो.

सासऱ्यांना एक गोष्ट आधीच दाखवून ठेवा. अरीनात स्नॅपच्या (बॉल मागे देऊन डाव सुरू करण्याच्या) आधी एकाच रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्या गड्याला, पुढच्या दिशेने धावत येता येतं, आयएफएलमध्ये एकाहून जास्त जणांना. ते लक्षात आलं नाही तर प्रत्येक वेळी ‘फाउल, फाउल’ म्हणत बसतील.

मक्याचं_कणीस
धन्यवाद! तिकिटं अगदी पहिल्या रांगेची आहेत, चालेल ना?

कठड्यापाशी
चालेल, पण चहाचा कप मैदानाभोवतीच्या कठड्यावर ठेवू देऊ नका. गादीवाला असला तरी गडी त्यावरून थेट मांडीवर येतात.