मदत हवी आहे: ट्रेलर संपाची हूल उठलीय, केळी कापू की थांबू?

राम राम मंडळी. रावेर तालुक्यात आमची केळीची पिलबाग (आधीच्या झाडाच्या पिलांवरची बाग) आहे. माल आखातात जाणार म्हणून पॅकहाऊसवाल्याशी बोली झालीय, गुरुवारी कटाई. आज सकाळी त्याचा फोन: न्हावा शेवा बंदराचे ट्रेलरवाले संपावर जाणार म्हणे. डबा (कंटेनर) अडकला तर विजेचं भाडं न् डिटेन्शन (डबा जास्त दिवस ठेवल्याचा आकार) माझ्या बिलातून कापणार, हेही ऐकवलं. बोलीच्या वेळी असलं काही नव्हतं.

घड पाऊण भरलेत. आठ दिवस थांबलो तर गेजच्या (निर्यातीला चालणाऱ्या जाडीच्या) बाहेर जातील. २०२४ च्या ऑगस्टमध्ये असंच घाबरून कटाई लांबवली. २८ तारखेपासून १२ मोठ्या बंदरांचे कामगार बेमुदत संपावर जाणार होते. २७ लाच साडेआठ टक्के पगारवाढीवर मिटलं अन् आम्ही हात चोळत बसलो. यंदा काय करू? हा खर्च खरंच शेतकऱ्याचा असतो का?

उरणहून, क्लिअरिंगच्या कामात आहे:
दादा, ते दोन संप वेगळे. गोदी कामगारांना १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तेवढ्यात बोलणी होतात. ट्रेलर मालकांना तसलं बंधन नाही. इथली टर्मिनलं खासगी कंपन्या चालवतात, त्यामुळे आत क्रेन चालू, जहाज लागलेलं आणि डबे मात्र रस्त्यावर, असं होतं. यार्डात रीफरला (गार डब्याला) वीज मिळते, रस्त्यावर जेनसेट (डिझेलचा जनरेटर). डिझेल संपलं की आतल्या तापमानाचा साडेतेरा अंशांचा आकडा वर सरकू लागतो. एक फणी पिकली की तिच्या वायूनं शेजारचीही पिकायला घेतात. संप मिटला तरी आधीची रांग असतेच. डिटेन्शन शिपिंग लाइन बुकिंग ज्याच्या नावावर त्याच्याकडून घेते. विम्याच्या भरवशावर राहू नका, उशिरामुळे खराब झालेला माल संपाच्या कलमातही बसत नाही.

सावद्याहून:
भाऊ, संपाआधी डबा गेटच्या आत जातो का तेवढं विचारा. जात असेल तर कटाई मंगळवारी ओढा, उरलेला माल दिल्लीच्या गाडीला द्या. भाव पडेल, पण पैसे तरी येतील.

धागाकर्ता:
पॅकहाऊसवाल्याला विचारलं. बुकिंग त्याच्याच नावावर. जरा वेळ गप्प होता, मग म्हणे निम्मं-निम्मं करू. मी नाही म्हटलं. शेवटी त्याच्या मुनीमानं चिठ्ठीवर लिहून दिलं: बागेतून गाडी भरली की पुढचा खर्च पॅकहाऊसचा. मंगळवारी पहाटे पाचला मजूर सांगितलेत.