आरोग्याच्या पैशाला कात्री सगळ्यात आधी का लागते?

भीमाकाठ

मागच्या महिन्यात मामीला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो. केसपेपर फुकट, रक्ततपासणी फुकट. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत शुल्क घेत नाहीत, आणि तिथे ते खरोखर पाळलं जातं. डॉक्टरीणबाईंनी नीट वेळ देऊन तपासलं. मग चिठ्ठी देताना अवघडून म्हणाल्या, "यातल्या दोन गोळ्या बाहेरून घ्या, आमच्याकडच्या संपल्यात." बीपीची आणि शुगरची गोळी. रोज लागणाऱ्या. मामीनं मेडिकलमधून आठवडाभराच्याच घेतल्या. पुढच्या आठवड्याचं तिनं सांगितलं नाही, मीही विचारायला विसरलो. ते अजून मनात सलतंय.

ती चिठ्ठी मुंबईतूनच, म्हणजे सरकारच्या अर्थसंकल्पातूनच येते असं मला वाटतं, म्हणून हा धागा काढला.

राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा. महसुली तूट ४५,८९१ कोटी, कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे. महसुलातले निम्म्याहून जास्त पैसे पगार, पेन्शन आणि व्याजातच संपतात. राज्यांनी बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करावा, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आहे, त्याची मुदत होती २०२०. पंधराव्या वित्त आयोगानं तेच २०२२ साठी सांगितलं. महाराष्ट्र ५ टक्क्यांच्या आसपासच रेंगाळतोय.

पैसे कमी पडले की काय थांबवलं तर आज कुणी ओरडणार नाही, हे बघितलं जातं. पगार थांबत नाही, व्याज थांबत नाही. योजनेचा खात्यात जमा होणारा हप्ता चार दिवस लांबला तर बातमी होते. औषधखरेदी तीन महिने ढकलता येते. नर्सचं पद वर्षानुवर्षं रिकामं ठेवता येतं. गोळी न मिळालेला माणूस मोर्चा काढत नाही, तो मेडिकलच्या रांगेत जाऊन उभा राहतो. म्हणून आरोग्याचा वाटा आधी ८ टक्क्यांवर न्या, बाकीच्या योजनांचं नंतर बघू.

लेखाशीर्ष

भीमाकाठ, तुमची तळमळ पटते, निदान पटत नाही. मी जिल्हा पातळीवर हिशेबाच्या कामात २९ वर्षं काढली. आरोग्याला पैसे मिळत नाहीत यापेक्षा मिळालेले खर्च होत नाहीत, हे दुखणं मी जास्त पाहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडलेला कॅगचा (सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा) अहवाल वाचा. ८ टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं नाही हे त्यात आहेच. पण डॉक्टर-नर्सची रिक्त पदं, अखर्चित निधी आणि औषधखरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे असताना मागणी व पुरवठ्यात पडलेली तफावत, हेही त्यात आहे. त्या काळात पैसे जमा करूनही औषध वेळेवर येत नव्हतं. शेवटी २०२३ मध्ये खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण करायचा कायदा करावा लागला. तमिळनाडूनं हे काम १९९४ मध्येच स्वतंत्र महामंडळाकडे दिलं होतं. आपण जवळजवळ ३० वर्षं मागे.

गळक्या हंड्यात जास्त पाणी ओतून हंडा भरत नाही. आधी गळती बुजवा, मग ८ टक्के मागा.

भीमाकाठ

साहेब, निधी अखर्चित का राहतो तेही तुमच्याकडूनच ऐकायचंय. वर्षभर तरतुदीच्या ठरावीक टक्क्यांनाच मंजुरी, आणि उरलेला निधी बीम्सवर (सरकारच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) दिसतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. तीन-चार आठवड्यांत निविदा, पुरवठा, तपासणी आणि बिल कसं होणार? मग मार्चअखेर निधी परत जातो आणि पुढच्या वर्षी "मागचा खर्च झाला नाही" म्हणून तरतूद कमी होते. हंडा गळका आहे हे कबूल. पण पाणी सोडतात तेही मध्यरात्री.

रानजाई

एक गोष्ट स्पष्ट विचारते. "बाकीच्या योजना" म्हणजे लाडकी बहीण ना? सगळीकडे हाच सूर ऐकू येतो, म्हणून बोलते.

हो, ती मोठी रक्कम आहे, २०२५-२६ साठी ३६,००० कोटींची तरतूद होती. पण आमच्या पाड्यावरून ग्रामीण रुग्णालयात जायचं तर जीपचं भाडं, दिवसाची बुडालेली मजुरी, लेकरासोबत दुसरं कुणीतरी, हा खर्च कोण मोजतं? माझ्या आईनं डोळ्याला अंधारी येते हे दोन वर्षं अंगावर काढलं, कारण पैसे मागायचे कुणाकडे हा प्रश्न होता. महिन्याचे १,५०० रुपये तिच्या नावावर आल्यावर ती कुणाला न विचारता गेली. मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं. तुमच्या हिशेबात ते पैसे आरोग्याच्या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या खात्यात, नाहीत. आमच्या घरात ते आरोग्यावरच खर्च झाले.

बाईच्या हातातले पैसे काढून घेऊन दवाखाना चालवा म्हणणाऱ्यांनी आधी रस्ते आणि मोठ्या प्रकल्पांचे वाढीव खर्च तपासावेत.

भीमाकाठ

रानजाई, तुमचं बरोबर आहे. "बाकीच्या योजना" हे मी फार ढोबळ लिहिलं. ते पैसे काढून घ्या असं मला म्हणायचं नाही. पण तुमच्या आई तिथे पोचल्या तेव्हा नेत्रशल्यचिकित्सक हजर होते. ते पद रिकामं असतं तर?

अनुभवाचे_बोल

सरकारी दवाखान्यात अजून किती ओतणार? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि ते सर्वांना लागू आहे. माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी खासगी रुग्णालयात झाली, खिशातून एक रुपया गेला नाही. माणसाला हवं तिथे जाऊ द्या, बिल सरकार देईल. इमारत बांधा, पदं भरा, बदल्या करा, या चक्रातून तरी सुटका होईल.

सिस्टर_११महिने

अनुभवाचे बोल दादा, वडील बरे झाले हे वाचून खरंच बरं वाटलं. योजना वाईट नाही, मी स्वतः रुग्णांचे कागद करून देते. पण ती मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहे, ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर. भीमाकाठच्या मामीची बीपीची गोळी त्यात बसत नाही. ती गोळी दहा वर्षं नियमित मिळाली, तर कितीतरी जणांवर अँजिओप्लास्टीची वेळच येणार नाही. भरती झाल्यावर लाखाचं बिल भरायला पैसे आहेत आणि भरती होऊ नये म्हणून महिन्याच्या गोळ्यांना नाहीत, हे मला रोज दिसतं आणि रोज त्रास होतो. शिवाय योजनेतली खासगी रुग्णालयं दाटीनं आहेत ती शहरांत. आमच्या तालुक्यात प्रसूती अडली की रात्री दोनला उघडं असतं ते सरकारीच.

आता पदांबद्दल. मी राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी आहे. या अभियानाचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के उचलतं. ११ महिन्यांची ऑर्डर, एक दिवस खंड, पुन्हा ऑर्डर. दहा वर्षं सेवा झालेल्यांचं कायम पदांवर समायोजन करायचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला. तो अमलात यावा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये आम्हाला संपावर जावं लागलं. संपाच्या दिवसांत लसीकरणाची बाळं डोळ्यांसमोर यायची. कुणी हौसेनं जात नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण गेले, त्यांत १२ नवजात बाळं होती. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. काही दिवस सगळे मनुष्यबळाबद्दल बोलले. एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) एका सिस्टरनं किती बाळं बघायची, हा तेव्हाचा प्रश्न आजही आमच्या ड्युटीच्या तक्त्यावर तसाच आहे.

लेखाशीर्ष

सिस्टर, तुम्ही लिहिलंत त्यातलं एकही वाक्य खोडून काढणार नाही. पण कायम पदाचा हिशेब वेगळा असतो. आज भरलेलं पद म्हणजे तीसेक वर्षांचा पगार, त्यावर वेतन आयोग, त्यापुढे निवृत्तिवेतन. ज्या बंधनकारक खर्चामुळे औषधाला पैसे उरत नाहीत अशी भीमाकाठांची तक्रार आहे, त्यातच ही भर पडणार. वित्त विभाग पदभरतीच्या फाइलवर शेरे मारतो तो दुष्टपणानं नाही.

सिस्टर_११महिने

मान्य. पण पद रिकामं ठेवून वाचलेले पैसे वाचत नाहीत, साहेब. तो रुग्ण जिल्ह्याला रेफर होतो, तिथून खासगीत, आणि त्याचं बिल तुमच्याच तिजोरीतून योजनेच्या नावानं जातं. किंवा तो शेत गहाण टाकतो. ते कुठल्याच लेखाशीर्षात दिसत नाही.

भीमाकाठ

कर्जाची भीतीही थोडी तपासून घ्यायला हवी. आकडा ९ लाख कोटींच्या वर असला तरी राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या मानानं ते १९ टक्क्यांच्या आसपास आहे. आणि जून २०२५ मध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, त्यातून वर्षाला १४,००० कोटी जादा मिळतील असं सरकारनंच सांगितलं. दारूनं बिघडलेली यकृतं आणि मोडलेले संसार शेवटी सरकारी दवाखान्यातच येतात. त्या जादा पैशांचा ठरावीक हिस्सा औषधं आणि नर्सच्या पदांसाठी बांधून ठेवता येणार नाही का?

लेखाशीर्ष साहेबांची एक गोष्ट मी घेतो. नुसते ८ टक्के म्हणत बसलो तर ते इमारतींत जिरतील. फीत कापायला इमारत लागते, गोळ्यांच्या खोक्याची फीत कुणी कापत नाही. म्हणून मागणी बदलतो. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयांची औषधं एका वेगळ्या लेखाशीर्षात ठेवा. वर्षाच्या मध्ये त्याला कात्री लावायची नाही आणि पूर्ण निधी जूनअखेर द्यायचा.

लेखाशीर्ष

उत्पादन शुल्क थेट बांधून ठेवायला वित्त विभाग तयार होणार नाही, सगळा महसूल एकत्रित निधीत जातो. औषधांचं वेगळं लेखाशीर्ष मात्र शक्य आहे, कपातीतून सूट द्यायला वित्त विभागाचं परिपत्रक पुरेसं आहे. अडचण अशी की आज एकाच केंद्रात औषध तीन-चार वाटांनी येतं : राज्याचा निधी, जिल्हा नियोजन समिती, आरोग्य अभियान, रुग्ण कल्याण समिती. कुठली वाट आटली हे कुणालाच नीट सांगता येत नाही.

सिस्टर, तुमच्या केंद्रात ई-औषधीवर (औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंदीत) साठा चढतो ना? बीपी आणि शुगरच्या गोळ्या मागच्या वर्षात कोणत्या महिन्यांत शून्यावर गेल्या, तेवढं काढून देता येईल का? केंद्राचं नाव नको. त्याच महिन्यांचं निधीवाटप मी बाजूला मांडून बघतो.

सिस्टर_११महिने

रविवारी ड्युटी आहे. औषधनिर्माण अधिकारी दादांना विचारून बसते आणि रात्री इथे टाकते.