मदत हवी आहे: लँड रोव्हर सीरीज ३, चासी वेल्ड करू की नवी टाकू?

मंडळी, मी यूकेत असतो, माझ्याकडे १९७६ ची सीरीज ३ आहे, ८८ इंची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), २.२५ लिटर पेट्रोल. बॉडी ॲल्युमिनियमची म्हणून वरून अजून झकास दिसते, पण चासी (खालचा सांगाडा) स्टीलची आणि इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे ती आतून सडलीये. मागच्या क्रॉसमेंबरवर (चासीचा आडवा दांडा) हातोडी मारली की भद्द आवाज येतो, स्क्रूड्रायव्हर सरळ आत जातो, मागच्या स्प्रिंग हँगरजवळ (जिथे स्प्रिंग चासीला अडकते) पण पापुद्रे निघतायत. इंजिनाखालचा भाग मात्र ठणठणीत.

वायरब्रश मारून गंज काढून बघितलाय, बोल्ट तेलात भिजवून सैल केलेत, बल्कहेडचे (इंजिन आणि केबिनमधली भिंत) फुटवेल, म्हणजे पाय ठेवायची जागा, तपासले, ते चांगले आहेत. एक मेकॅनिक म्हणतो नुसता क्रॉसमेंबर बदलू, दुसरा म्हणतो अख्खी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) चासीच घाल. मला दुसऱ्याचं पटतंय.

घर भाड्याचं, गॅरेज नाही, ड्राइव्हवेवरच काम, वेल्डिंग येत नाही, मदतीला एक मित्र. ४० वर्षांवरची गाडी म्हणून एमओटी (इथली वार्षिक गाडी तपासणी) लागत नाही, पण असल्या चासीवर पोराबाळांना बसवणार नाही. मूळ नमुन्याचीच नवी चासी घातली तर रजिस्ट्रेशन नंबर तोच राहतो, ते नियम वाचून झालेत, त्यामुळे कागदपत्रांचा प्रश्न नाही.

ज्यांनी स्वतः बदललीये त्यांनी सांगा, भाड्याची इंजिन क्रेन आणून हे उघड्यावर दोघांत जमतं का, आणि नव्या चासीवर बल्कहेड बसवताना दारांच्या फटी जुळायला आधी काय घट्ट करायचं, बल्कहेड की मागचा टब (बॉडीचा मागचा भाग)?