नवजात बाळांचा सेप्सिस: सीआरपी की प्रोकॅल्सिटोनिन? प्रबंधाचा आराखडा तपासून हवाय

निओ_पीजी

एमडी बालरोगच्या प्रबंधासाठी सिनॉप्सिस लिहितोय. सेप्सिस (रक्तातला जंतुसंसर्ग) ओळखायला सीआरपी बरं की प्रोकॅल्सिटोनिन (पुढे पीसीटी), हा विषय. दोन्ही संसर्गात रक्तात वाढणारे घटक. आराखडा असा:

सेप्सिसची ५० बाळं आणि पीएनसी (बाळंतिणींच्या) वॉर्डातली ५० निरोगी बाळं. दोन्ही तपासण्या जन्मानंतर पहिल्या २४ तासांत, एकदाच. रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून बघणं) पॉझिटिव्ह किंवा सेप्सिस स्क्रीन (रक्ताच्या पाच तपासण्यांचा संच) पॉझिटिव्ह (पाचपैकी दोन निकष) असेल तर सेप्सिस धरायचा. कट-ऑफ (पॉझिटिव्ह ठरवायची मर्यादा) शेवटी आरओसी (प्रत्येक मर्यादेला तपासणी किती अचूक ते दाखवणारा आलेख) काढून ठरवायचा.

आमच्याकडे महिन्याला साधारण २० संशयित बाळांचं कल्चर जातं, त्यातली १५ टक्के पॉझिटिव्ह येतात. ५०-५० पुरतील का? निरोगी बाळांना टोचण्यावर एथिक्स कमिटी अडवेल का? आणि कल्चर निगेटिव्ह, पण दिसायला सेप्सिसच, अशी बाळं कुठल्या गटात टाकायची?

बालवैद्य_६०

कमिटी अडवेल की नाही ते नंतर बघू. त्याआधी आराखड्यातच तीन भोकं आहेत.

पहिलं. सेप्सिस स्क्रीनच्या पाच निकषांत सीआरपी आहेच. म्हणजे सीआरपी वाढलं म्हणून बाळ सेप्सिसच्या गटात गेलं आणि मग तुम्ही लिहिणार, ‘सेप्सिसमध्ये सीआरपी वाढलेलं आढळलं’. परीक्षार्थीनेच पेपर तपासल्यासारखं झालं हे. ही चूक प्रबंधांमध्ये इतक्यांदा दिसते की परीक्षकही कंटाळले आहेत. व्याख्येतून सीआरपी काढा. पाच निकष ठेवून ‘तीन पॉझिटिव्ह’ केलंत तरी दोष जात नाही.

दुसरं. निरोगी बाळ आणि सेप्सिसचं बाळ यांतला फरक ओळखायला तपासणी कशाला हवी? राउंडवर तुमच्यापुढे येणारा प्रश्न वेगळा असतो. धाप लागलेलं बाळ टीटीएनबीचं (जन्मानंतरची तात्पुरती धाप) की सेप्सिसचं? मेकोनियम ॲस्पिरेशनचं (पहिली शी श्वासात गेलेलं), ॲस्फिक्सियाचं (जन्मताना गुदमरलेलं) की सेप्सिसचं? या बाळांत जंतू नसतानाही सीआरपी चढतं. तुलना यांच्याशीच करा. संशय आला आणि कल्चर गेलं, असं प्रत्येक बाळ ओळीने घ्या. निरोगी बाळांना टोचण्याचा प्रश्न तिथेच संपतो.

तिसरं म्हणजे वेळ. निरोगी नवजात बाळातही जन्मानंतर पीसीटी आपोआप वाढतं, साधारण २४ तासांना शिखर गाठतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. त्यामुळे ६ तासांच्या बाळाला आणि २४ तासांच्या बाळाला एकच कट-ऑफ लावता येत नाही. सीआरपीचं दुखणं उलटं. यकृतात तयार होऊन रक्तात दिसायला त्याला १०-१२ तास लागतात, म्हणून संशय येताक्षणी घेतलेलं सीआरपी निगेटिव्ह आलं तर त्याला फारसा अर्थ नसतो. दोन नमुने घ्या: संशयाच्या वेळी एक, त्यानंतर २४ तासांनी दुसरा. बाळाचं वय तासांत लिहा. ‘डे १’ लिहिलंत तर पुढे काहीच करता येणार नाही.

पीसीटीवर चांगलं काम बघायचं तर निओपिन्स ही क्लिनिकल चाचणी (ट्रायल) वाचा, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. १७१० बाळं, चार देश, आणि पीसीटीच्या मर्यादा बाळाच्या तासांतल्या वयाप्रमाणे. अँटिबायोटिकचा काळ सरासरी ६५ तासांवरून ५५ तासांवर आला. पीसीटीचा खरा उपयोग औषध कधी थांबवायचं हे ठरवताना होतो, असं माझं मत.

आकडेमोड

५०-५० हा आकडा कुठून आला, हे व्हायवात विचारतातच. गणित करून ठेवा.

संवेदनशीलता (खऱ्या सेप्सिसपैकी किती पकडले) ८५ टक्के अपेक्षित आणि दोन्ही बाजूंना १० टक्क्यांची सूट धरली, तर १.९६ चा वर्ग × ०.८५ × ०.१५ ÷ ०.१० चा वर्ग. उत्तर ४९. ही ४९ बाळं कल्चर पॉझिटिव्ह हवीत. तुमच्याकडे १५ टक्के पॉझिटिव्ह येतात, म्हणजे ४९ ÷ ०.१५, साधारण ३२७ संशयित बाळं. महिन्याला २० मिळाली तर सोळा महिन्यांहून थोडं जास्त. जमण्यासारखं आहे, पण एथिक्सची परवानगी लवकर हातात हवी.

संवेदनशीलता-विशिष्टता (सेप्सिस नसलेल्यांपैकी किती बरोबर निगेटिव्ह) सांगून थांबू नका. ४०० संशयित धरा, १५ टक्क्यांनी ६० खरे सेप्सिस. संवेदनशीलता ८० टक्के असेल तर ४८ सापडले, १२ निसटले. विशिष्टता ७५ टक्के असेल तर उरलेल्या ३४० पैकी ८५ बाळांना उगाच पॉझिटिव्ह ठरवलं. एकूण पॉझिटिव्ह १३३, खरे त्यातले ४८, म्हणजे ३६ टक्के. निगेटिव्ह २६७, त्यातले २५५ बरोबर, साडेपंचाण्णव टक्के. तुमच्या ५०-५० मध्ये याच तपासणीचे ७६ टक्के पॉझिटिव्ह खरे दिसले असते, कारण निम्मी बाळं तुम्हीच आजारी निवडलेली.

कट-ऑफ आधी लिहून टाका, उदा. सीआरपी १० मिग्रॅ प्रति लिटर. त्याच बाळांवर आरओसी काढून सर्वांत सोयीचा बिंदू निवडला आणि त्याच बाळांवर त्याची अचूकता सांगितली, तर आकडे फुगतात. आरओसी काढा, पण दुय्यम निष्कर्ष म्हणून.

कल्चर निगेटिव्ह बाळांबद्दल: मुख्य विश्लेषणात ‘कल्चर पॉझिटिव्ह विरुद्ध बाकी सगळे’. दुसऱ्या विश्लेषणात ‘संभाव्य सेप्सिस’ पॉझिटिव्हमध्ये धरा. मधला गट सरळ वगळायचा मोह होईल. वगळलात की दोन्ही तपासण्या फुकटच्या हुशार दिसतील.

बालवैद्य_६०

संभाव्य सेप्सिसची व्याख्या करताना सावध राहा. ‘पाच दिवस अँटिबायोटिक दिलं’ असा निकष बरेच जण घालतात. पण औषध पाच दिवस का चाललं? सीआरपी जास्त आलं म्हणून! दारातून हाकललेलं खिडकीतून आत आलं. केस पेपरमधून सीआरपी-पीसीटी झाकून दोन निओनॅटॉलॉजिस्टनी (नवजात बाळांचे तज्ज्ञ) एकमेकांना न विचारता निर्णय द्यावा. पीसीटीचा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) उणे २० अंशांवर ठेवून शेवटी एकदम चालवा, म्हणजे उपचार करणाऱ्याला तो आकडा कळणारच नाही.

सूक्ष्मदर्शी

तुम्ही सगळे कल्चरला देव मानून चालला आहात. मी लॅबच्या बाजूने बोलतो.

रक्तात मिलीलिटरला एकच जंतू असेल, तर अर्धा मिली रक्तात निदान एक जंतू सापडण्याची शक्यता ३९ टक्के. एक मिलीत ६३, दोन मिलीत ८६. हे निव्वळ नशिबाचं गणित आहे, यंत्र कितीही महागडं आणा. अर्धा मिली घालून आलेलं ‘निगेटिव्ह’ तुम्ही पीसीटीच्या खात्यावर ‘खोटं पॉझिटिव्ह’ म्हणून लिहिणार. तपासणी बिचारी बरोबर असेलही.

तेव्हा रक्ताचं प्रमाण मोजाच. बाटली रक्त घालण्याआधी आणि नंतर वजन करा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. १ मिली रक्त म्हणजे साधारण १.०५ ग्रॅम. प्रत्येक बाटलीचं रिकामं वजन वेगळं, म्हणून सरासरी धरू नका.

कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ या जंतूचं काय करायचं, तेही आधीच लिहा. एकाच बाटलीत आला तर सहसा त्वचेवरचा पाहुणा. दोन वेगळ्या ठिकाणच्या टोचण्यांत तोच आला आणि बाळही आजारी दिसतंय, तरच खरा. आपल्याकडे ग्रॅम निगेटिव्ह गटातले जंतू जास्त. दिल्लीच्या तीन रुग्णालयांतल्या डेनिस अभ्यासात (२०१६ मध्ये प्रसिद्ध, १३,५३० दाखल बाळं) सापडलेल्या जंतूंत असिनेटोबॅक्टर २२, क्लेबसिएला १७ आणि ई. कोलाय १४ टक्के होते (तिन्ही ग्रॅम निगेटिव्ह). पाश्चात्त्य पुस्तकातला ग्रुप बी स्ट्रेप हा जंतू धरून चर्चेचं प्रकरण लिहू नका.

एनआयसीयू_सिस्टर

डॉक्टर, कागदावर सगळं छान आहे. नमुना रात्री तीन वाजता घेतला जातो, त्याचंही लिहा.

टोचायच्या जागेभोवती ५ सेंमीचा भाग: आधी स्पिरिट, मग पोव्हिडोन आयोडीन मधून बाहेर गोल फिरवत, मग पुन्हा स्पिरिट. निदान एक मिनिट वाळू द्या. ओल्या त्वचेत सुई घातली तर जंतू मरायला वेळ मिळत नाही. फुंकर मारून वाळवू नये, हे दर नव्या बॅचला सांगावं लागतं. वाळल्यावर शिरेवर पुन्हा बोट ठेवायचं नाही. प्रीमॅच्युअर बाळाच्या अंगावर आयोडीन राहू देऊ नका, कातडी पातळ असते, भाजते.

बाटलीचं प्लास्टिकचं झाकण काढलं की खालचं रबर निर्जंतुक असतं असं सगळे समजतात. तसं नसतं. ते स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं. रक्त आधी कल्चरच्या बाटलीत, मग बाकीच्या ट्यूबमध्ये. ईडीटीएला (रक्त गोठू न देणारं रसायन) टेकलेली सुई बाटलीत गेली तर कल्चर बाद समजा. बाळाच्या नावाचं लेबल बारकोडवर चिकटवू नका, लॅबवाले त्यावरूनच भांडतात. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, बाहेरच ठेवून लवकर पाठवायची.

आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस कल्चरनंतर. आधी दिला गेला असेल तर तेही लिहून ठेवा. बाहेरून रेफर झालेल्या बाळांत हे नेहमीचंच.

निओ_पीजी

सगळ्यांचे आभार, आराखडा नव्याने लिहितो. एकच शंका. दोन वेळा सीआरपी-पीसीटी म्हणजे जादा रक्त. १ किलोच्या बाळाचं किती चालेल?

बालवैद्य_६०

१ किलोच्या बाळात एकूण रक्त सुमारे ९० मिली. संशोधनासाठी एका वेळी १ टक्का आणि चार आठवड्यांत मिळून ३ टक्के, ही सर्वसाधारण मर्यादा. म्हणजे एका वेळी ०.९ मिली. कल्चरचा १ मिली उपचारासाठीच जातो, तो यात मोजत नाहीत, पण बाळाच्या अंगातून जातोच. म्हणून वेगळं रक्त घेऊच नका. बायोकेमिस्ट्रीला गेलेल्या ट्यूबमध्ये उरलेला सीरम वापरा, आणि २४ तासांचा नमुना बिलिरुबिन किंवा इलेक्ट्रोलाइटच्या टोचणीला जोडा. संमतिपत्र मराठीत करा आणि त्यात ‘उरलेलं रक्त साठवून नंतर तपासू’ हे वाक्य स्पष्ट घाला. कमिटी नेमकं तेच शोधते.