मदत हवी आहे: ऑनलाइन सेशनमध्ये क्लायंट मोकळं बोलू शकत नसेल तर?

नमस्कार मंडळी, मी मुंबईत काउन्सेलर आहे, बरीचशी सेशन्स व्हिडिओ कॉलवरच घेते. एका क्लायंटची फार काळजी वाटतेय (ओळख पटेल असं काही लिहीत नाही). उत्तर द्यायच्या आधी तिची नजर स्क्रीनच्या बाजूला जाते, कॅमेरा मध्येच बंद होतो, अपॉइंटमेंट दुसरंच कुणीतरी घेतं, आणि पगार कुणाच्या हातात जातो विचारलं की "माहीत नाही मॅडम" म्हणून विषय संपवते. आता मुंबईतल्या एका खोलीत एकांत मिळणं कठीणच, त्यामुळे एकेका गोष्टीवरून काही म्हणता येत नाही, पण सगळं एकत्र बघितलं की ट्रॅफिकिंगची (मानवी तस्करीची) शंका येतेच.

सध्या हेडफोन लावायला सांगते, हो-नाहीत उत्तर देता येईल असंच विचारते. ती एकटी होती तेव्हा ठरवून घेतलंय, "आज डोकं दुखतंय" म्हणाली की कुणीतरी ऐकतंय असं समजून मी झोपेबिपेबद्दल बोलायला लागायचं. चॅटमध्ये काहीच लिहीत नाही, फोन कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

अल्पवयीन मुलीचं लैंगिक शोषण असतं तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागलं असतं, पण ही सज्ञान आहे. ११२ (आपत्कालीन) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) हे नंबर माहितीयेत, ट्रॅफिकिंगच्या पीडितांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो हेही माहितीये. पण तिला न विचारता पोलीस दारात गेले आणि त्या माणसांनी तिला दुसरीकडे हलवलं तर?

अशी केस ऑनलाइन कुणी हाताळलीये का? तिच्या संमतीने सेफ्टी प्लॅन कसा केलात, संस्थेच्या सोशल वर्करला कधी जोडलंत? प्लीज सविस्तर लिहा, पुढचं सेशन याच आठवड्यात आहे.