जिप्सीचे पाटे बदलावेत, की शॅकल लांब करून गाडी उंच करावी?

प्रश्न: सडा_सातारा

नमस्कार. माझ्याकडे 2012 सालची, 1300 सीसी इंजिनाची हार्ड टॉप मारुती जिप्सी आहे. आठवडाभर ती साताऱ्यातच फिरते. शनिवार-रविवारी मात्र बामणोली, तापोळा आणि कोयनेच्या जलाशयाकाठच्या वाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटांवर असते. पावसाळ्यात तिथल्या तांबड्या चिखलात चाकोऱ्या इतक्या खोल जातात की गाडीचे पोट मधल्या उंचवट्याला घासते, आणि उन्हाळ्यात त्याच वाटेवर मागच्या बाकावर बसलेल्याचे डोके छताला लागते.

एका गॅरेजमध्ये मला असा सल्ला मिळाला की, पुढे-मागे 5 सेंटीमीटर लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारा झुलता दुवा) लावावेत, म्हणजे गाडी तेवढीच उंच होईल. सोबत जाड, कडक शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) आणि 205/70 आर 15 ऐवजी 235/75 आर 15 मापाचे टायर घालावेत. पाट्यांच्या, म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या कमानींच्या, नव्या संचापेक्षा हे बरेच स्वस्त पडते. यामुळे धक्के कमी होतील का, आणि महामार्गावर गाडीच्या स्थिरतेवर काय परिणाम होईल, हे अनुभवींनी कृपया सांगावे.

उत्तर: जुना_पाटा

काहीही विकत घेण्यापूर्वी एक रविवार गाडीखाली घालवावा, ही विनंती. सपाट जागी, टायरमध्ये सारखी हवा भरून, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि बहुतेक वेळा एकटाच असतो, त्यामुळे जुन्या जिप्सीत उजवी बाजू एखादा-दीड सेंटीमीटर बसलेली आढळते. फरक त्याहून जास्त असेल, तर पाटा तुटला आहे का ते पाहा. तारेच्या ब्रशने चिखल काढून पाट्याचे प्रत्येक पान (पट्टी) पाने एकत्र धरणाऱ्या क्लिपपर्यंत तपासा, कारण तडा बहुधा क्लिपखाली किंवा मधल्या बोल्टाच्या भोकाजवळ लपलेला असतो. पानांच्या फटींतून तांबूस भुकटी गळत असेल, तर पाने गंजून एकमेकांना धरून बसली आहेत असे समजावे. अशी कमान वाकत नाही, ती नुसती ठोकते.

मूळ दोष असा की, जिप्सीचे पाटे भरलेल्या गाडीसाठी बनवलेले आहेत आणि आपण ती बहुतेक वेळा रिकामी चालवतो. पाटा भार उचलतो. शॉकअप फक्त पाट्याची उसळी जिरवतो. कडक पाट्याला कडक शॉकअप जोडला, तर धक्के वाढतील, कमी होणार नाहीत. काही जण एखादे पान काढून टाकतात. ते चालते, पण कोणते पान काढायचे हे कळणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे, कारण मुख्य पानाला आधार देणारे दुसरे पान गेले की ब्रेक आणि क्लचच्या प्रत्येक ताणाला कमान पिळवटते आणि शेवटी मुख्य पानच तुटते. जुन्या पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देणे हा स्वस्त मार्ग आहे खरा, परंतु नीट पाणी दिले नसेल, म्हणजे तापवून थंड करून पोलाद कणखर केले नसेल, तर पाटा लवकरच पुन्हा बसतो.

उत्तर: घाटमाथा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मला उंचीच्या हिशेबाबद्दल लिहायचे आहे, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात.

पहिली गोष्ट, 5 सेंटीमीटर लांब शॅकलने गाडी 5 सेंटीमीटर उंच होत नाही. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असते आणि ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आस) साधारण मध्यावर असतो, म्हणून प्रत्यक्षात निम्मी, म्हणजे अडीच सेंटीमीटर उंची मिळते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जिप्सीला पुढे आणि मागे अखंड ॲक्सल आहे. पाटे किंवा शॅकल यांनी चॅसी कितीही वर उचलली, तरी डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलवरचा गिअरचा फुगीर डबा) जमिनीपासून जिथे होता तिथेच राहतो. तो फक्त टायरचा व्यास वाढल्याने वर जातो. आपली गाडी मधल्या उंचवट्याला नेमकी कशाने घासते, हे खाली वाकून पाहिले पाहिजे. घासल्याच्या चकाकत्या खुणा गोळ्यावर असतील, तर सस्पेन्शन उंच करण्याचा खर्च त्या त्रासापुरता व्यर्थ आहे. खुणा ट्रान्सफर केसखालच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याखालच्या) आडव्या पट्टीवर असतील, तरच उंचीचा उपयोग होईल.

तिसरी गोष्ट स्टिअरिंगची. सायकलचा पुढचा चिमटा वरून मागे कललेला असतो, म्हणून हात सैल सोडला तरी हँडल सरळ राहू पाहते. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो आणि त्याला कॅस्टर म्हणतात. जिप्सीत पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते लांब केले की पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, सगळा ॲक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. पाट्याची लांबी ढोबळमानाने एक मीटर धरली, तर 5 सेंटीमीटरने जवळपास 3 अंश जातात, आणि हाती असलेला कल मुळात फार नसतो. परिणाम महामार्गावर दिसतो: ताशी 80 किलोमीटरला गाडी लेनमध्ये भटकते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परतत नाही. माझ्या पहिल्या जिप्सीत मी हेच करून बसलो होतो. खंबाटकी घाट उतरताना हाताला घाम फुटला आणि घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी जुने शॅकल परत बसवले. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून कल सुधारता येतो, पण मग स्वस्त उपायाचा स्वस्तपणा राहत नाही. मागे शॅकल वाढवले, तर डिफरन्शियलचे तोंड वर उचलले जाते आणि प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) जॉइंटचा कोन बदलून थरथर सुरू होऊ शकते.

आता टायर. मूळ टायरचा व्यास सुमारे 668 मिलिमीटर आणि सुचवलेल्याचा सुमारे 733, म्हणजे जवळजवळ 10 टक्के फरक आहे. गोळा सव्वातीन सेंटीमीटर वर जाईल हे खरे, पण सगळे गिअर तेवढेच लांब होतील, काटा 100 दाखवेल तेव्हा गाडी सुमारे 110 ने धावत असेल आणि ब्रेकवरचा ताण वाढेल. 1300 सीसीच्या इंजिनाला, तेही घाटात, हे जड जाते.

माझा सल्ला असा: मूळ मापाचे नवे पाटे किंवा किंचित मऊ संच, नवे बुश (पाट्याच्या टोकांतील रबरी नळ्या) आणि त्या संचाला साजेसे शॉकअप. शॉकअपची लांबी कागदावरून ठरवू नये. चाक पूर्ण लोंबकळत असताना आणि पूर्ण दाबलेले असताना, अशी दोन्ही मापे घ्यावीत; चाकाची वरची हालचाल थांबवणारा रबरी बंपस्टॉप आधी टेकला पाहिजे आणि शॉकअप नंतर, नाहीतर शॉकअप आतून फुटतो. चाक लोंबकळत असताना ब्रेकचा रबरी होज ताणला जात नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

उत्तर: कागदपत्रे_जपा

कायद्याची बाजू कुणी मांडली नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मूळ मापाचे पाटे बदलणे ही दुरुस्ती ठरते. उंची आणि टायरचे माप बदलल्यास मात्र अपघातानंतर विमा कंपनीशी वाद होण्याची शक्यता राहते. शिवाय आपली गाडी 2012 ची आहे, तेव्हा 2027 मध्ये फेरनोंदणीसाठी ती तपासणीला न्यावी लागेल, हेही ध्यानात असू द्यावे.

उत्तर: जुना_पाटा

एक गोष्ट लिहायची राहिली. पाट्याच्या डोळ्यातील (टोकाच्या गोल भोकातील) रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना कधीही शेवटपर्यंत आवळू देऊ नका. गाडी चाकांवर उतरवून, दोन-चार वेळा दाबून, मगच आवळावेत. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्यावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.

पुन्हा: सडा_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. मोजमाप केले, तेव्हा मागची उजवी बाजू डावीपेक्षा 2.2 सेंटीमीटर खाली निघाली, आणि ब्रश मारल्यावर तिसरे पान क्लिपखाली आरपार तुटलेले सापडले. घासल्याच्या खुणा गोळ्यावरच होत्या, त्यामुळे शॅकलचा विचार सोडून दिला. मूळ मापाचा नवा संच, बुश, यू-बोल्ट आणि मध्यम ताकदीचे गॅस शॉकअप बसवून घेतले. बोल्ट आवळताना मी स्वतः शेजारी उभा होतो, हे मेकॅनिकला फारसे रुचले नाही. टायर मूळ मापाचेच, पण चिखलासाठीच्या खोल नक्षीचे घेतले. गाडी मागून सुमारे 3 सेंटीमीटर वर आली आहे, म्हणजे जी उंची मी विकत घेणार होतो ती मुळात माझीच होती. परवा बामणोलीच्या पुढे टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवून गेलो, तेव्हा त्याच वाटेवर मागचे कुणीही छताला लागले नाही. एक खडखड अजून येते, पण ती स्टेपनीच्या वजनाने ओघळलेल्या मागच्या दाराची आहे. त्यासाठी वेगळा प्रश्न विचारीन.