कादवेकाठचं गोट्याचं रान: माती परीक्षणात 'मध्यम', गवत मात्र दिवाळीलाच वाळतं

कादवाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यात करंजवण आणि पालखेड या दोन धरणांच्या मधे, कादवा नदीच्या थडीला आमचं साडेतीन एकर रान आहे. घरात त्याला 'गोट्याचं रान' म्हणतात. वाटणीत ते कुणालाच नको होतं, म्हणून आमच्या वाट्याला आलं. सातबाऱ्यावर निम्मं पोटखराबा, म्हणजे पिकाला न लागणारं. वर वीतभर वाळू, तिच्यात लिंबाएवढ्यापासून नारळाएवढे काळे गुळगुळीत गोटे, मधे मधे पांढऱ्या गारगोट्या. कुदळ मारली की ठिणगी उडते.

माझ्याकडे २२ संगमनेरी शेळ्या, एक डांगी गाय आणि एक जर्सी आहे. मक्याचा चारा विकत आणावा लागतोच, पण चराई याच रानात. आषाढात गवत गुडघाभर होतं. दसरा सरला की पिवळं पडतं आणि दिवाळीला पायाखाली कुरकुरतं. बांधापलीकडे शेजाऱ्यांच्या काळ्या रानात तेच गवत संक्रांतीपर्यंत हिरवं असतं. पाऊस तर दोघांना एकच!

माती तपासून आणली. सामू ८.१, सेंद्रिय कर्ब मध्यम, पालाश भरपूर. अहवाल देणारे साहेब म्हणाले, "माती चांगली आहे, पाणी द्या." सासऱ्यांना हे वाचून दाखवलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. आता एक ट्रॅक्टरवाला मागे लागलाय की तलावाच्या गाळाच्या १०० ट्रिपा टाका, रानाचं सोनं होईल. आमचे मालक तयार आहेत, मी अडवून धरलंय.

अजून एक. सासरे म्हणतात, त्यांच्या वेळी याच रानात हरळी होळीपर्यंत हिरवी राहायची. म्हाताऱ्या माणसांना जुनं सगळं हिरवंच दिसतं, म्हणून मी फार मनावर घेतलं नव्हतं. पण गावातल्या आणखी दोघांनी तेच सांगितलं. मग माती बिघडली की काय? गाळ टाकू का?

द्राक्षवाला_पिंपळगाव

ताई, निचऱ्याची जमीन आहे तर शेळ्यांच्या मागे कशाला? ठिबक टाका, द्राक्षाची बाग लावा. मुरमाड रानात मुळ्या मोकळ्या राहतात, आमची निम्मी बाग तशाच रानात आहे.

कादवाकाठ

दादा, ते रान निळ्या पूररेषेच्या आत आहे. २०१९ च्या ऑगस्टात बाभळीच्या पहिल्या फांदीपर्यंत पाणी होतं. मांडवाचे तारा-अँगल लावले तर ते पुढच्या गावाला शोधायला जावं लागेल.

गंगथडी_सायखेडा

ताई, मी गोदेच्या काठचा. आमच्या सायखेडा-चांदोरीला २०१६ आणि २०१९ दोन्ही वेळा घरात पाणी होतं, त्यामुळे पुराची माती मी झाडून, धुऊन, खरवडून ओळखतो. आमच्या रानात पूर गेला की ढोपरभर पोयटा राहतो, लोण्यासारखा. तुमच्याकडे गोटे राहतात. दोन्हीकडचं पाणी घाटाकडूनच येतं, फरक वेगाचा. तुमच्याकडे कादवा उतारावरून धावत येते. धावतं पाणी गोटे लोळवत आणतं, जरा दमलं की आधी गोटे टाकतं, मग वाळू. बारीक गाळ त्याच्या हातात तसाच राहतो. तो खाली, पालखेडच्या धरणात नाहीतर पुढे नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात, पाणी उभं राहिलं की बसतो. म्हणजे तुमच्या रानाचं लोणी खालचे खातात, रागावू नका.

आता तुमचा अहवाल. प्रयोगशाळेत माती आधी २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात आणि चाळणीखाली पडेल तीच तपासतात. वर राहिलेले खडे-गोटे फेकून देतात. नमुना घेतानाही आपण मोठे गोटे पिशवीत भरत नाही. तेव्हा 'मध्यम' कर्ब हा चाळणीखालच्या मातीचा, तुमच्या रानाचा नाही. रानात गोट्यांनी किती जागा अडवली ते अहवाल सांगतच नाही. घरीच बघा. फूटभर खोल खड्डा घ्या, निघालेलं सगळं वाळूच्या चाळणीवर टाका आणि वरच्या, खालच्या पाट्या मोजा.

समजा दहातल्या सहा पाट्या गोटे निघाले. वाळूसर माती मीटरभर खोलीत मुळांना घेता येईल असं पाणी ६० ते ८० मिलिमीटर धरते. चांगली काळी २०० च्या घरात जाते. ७० धरलं तर तुमच्या वरच्या फूटभर थरात २१. त्यात दहातले चारच वाटे मातीचे, म्हणून उरले ८ मिलिमीटर. ऑक्टोबरच्या उन्हात गवत दिवसाला ४-५ मिलिमीटर पाणी ओढतं. दोन दिवसांत हंडा रिकामा! शेजाऱ्यांच्या काळीत त्याच फुटात ६० आहेत. तुमचं खत कमी पडत नाही, हंडा लहान आहे.

मग जुन्या काळी होळीपर्यंत हिरवं कसं राहायचं? तुमचे सासरे खोटं बोलत नाहीत. अशा रानातलं गवत पावसाच्या पाण्यावर कमी आणि नदीच्या ओलीवर जास्त जगतं. नदीतलं पाणी काठाखालच्या वाळू-गोट्यांत आडवं मुरतं, आणि हरळीच्या मुळ्या खोल जातात. आता विचारतो ते खरं सांगा: तुमच्या खालच्या अंगाला रात्री ट्रॅक्टर चालतात का? नदीतली वाळू उपसली की पात्र खोल जातं, आणि पात्र जितकं खाली तितकी काठाखालची ओलही खाली. मुळ्या तिथल्या तिथेच राहतात.

गाळाचं म्हणाल तर १०० ट्रिपा टाकू नका. काही गाळ गोट्यांच्या फटींतून खाली जाईल आणि उरलेला पहिल्याच मोठ्या पुरात पालखेडच्या धरणात जाईल. धरणाला चालेल, पण पैसे तुमचे. टाकायचाच तर पूर चढत नाही अशा वरच्या टप्प्यावर, झाडांच्या खड्ड्यांत टाका. आणि नांगर तर अजिबात घालू नका. वरचे गोटे उचलून बघा, त्यांच्या पोटाखाली ओल असते. ते उन्हापासून झाकण घालतात. हरळीने बांधलेली वाळू एकदा मोकळी केली की पूर तिला विचारत नाही.

पशुधन_चांदवड

वरच्या काकांनी मातीचं सांगितलं, मी तोंडाचं आणि खुराचं सांगते. पशुवैद्यक म्हणून काम करते.

अशा रानाचा एक गुण तुम्ही लिहिला नाहीत: तिथे चिखल होत नाही. श्रावणात काळ्या रानात जनावर घोट्यापर्यंत रुततं, खुरं कुजतात आणि गवत तुडवून मातीत जातं. गोट्यावर पाऊस थांबला की तासाभरात पाय कोरडे. म्हणजे हे रान पावसाळ्यात चारायचं आणि दसऱ्यानंतर सोडायचं. तुम्ही बहुतेक गवत 'ठेवून' दिवाळीनंतर चारायला बघता. या रानात ठेवलेलं गवत म्हणजे काड्या. धरणातून विसर्ग सुटणार असा निरोप आला की मात्र जनावरं आधी वर.

शेळ्यांना गोट्यांचं काही वाटत नाही. डांगीची खुरं काळी, टणक, तिचा जन्मच घाटातला. जपा जर्सीला. अंगाने जड, खुराने मऊ. दोन नख्यांच्या फटीत खडा अडकतो, दोन दिवस लंगडते आणि आपण म्हणतो मुरगळला. रोज संध्याकाळी पाय उचलून बघा, जमलं तर तिला बांधूनच घाला.

पूर ओसरल्यावर गवतावर गाळाचा पापुद्रा बसतो. ते गवत लगेच चारू नका, वाळू पोटात जाते, हगवण लागते. एक चांगला पाऊस पडून धुतलं जाऊ द्या. आणि पूर गेल्यावर गोट्यांत डबकी राहतात ना, त्यांत तांदळापासून वाटाण्याएवढ्या शंखी गोगलगाई दिसतील. पर्णकृमी त्यांच्यातून पसरतो, डबक्याकाठच्या गवतावर चिकटून बसतो आणि तिथून जनावराच्या यकृतात जातो. शेळीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली आणि पापणी आतून पांढरी पडली की उशीर झालेला असतो. पाणी वरच्या टप्प्यावर टाकीत द्या आणि पावसाळा संपता संपता लेंड्या तपासून औषध पाजा. कुठलं ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

कादवाकाठ

काका, ताई, उशिरा लिहितेय, कारण खड्डा घेत होतो. एक नाही, तीन घेतले.

पहिल्यात दहा पाट्यांतून पावणेसात पाट्या गोटे. म्हणजे तुमचे ८ मिलिमीटरसुद्धा नाहीत. वर घागरभर पाणी ओतलं, मुलाने आकडे म्हणायला सुरुवात केली, पंधरा म्हणेपर्यंत पाणी गायब. गोट्याच्या खालच्या बाजूला चुन्याचा पांढरा थर आणि त्याला केसासारख्या मुळ्या चिकटलेल्या. एका गोट्याखाली विंचू होता, तोही मोजला.

गंमत दुसऱ्या खड्ड्यात झाली. रानात खालच्या बाजूला एक पट्टा जरा जास्त दिवस हिरवा राहतो, तिथे तो घेतला. दीड फुटावर गोटे संपले आणि चार बोटं जाडीचा काळा गाळाचा थर लागला, दाबला तर बोटाचा ठसा उमटेल असा. हरळीच्या मुळ्या त्या थरात झालरीसारख्या पसरलेल्या. आणि त्याच थरात ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा! म्हणजे तो थर देवाने नाही, अलीकडच्याच कुठल्या पुराने घातलाय. सासरे खड्ड्याच्या काठावर बसून म्हणाले, "मी ज्या रानात गुरं चारली ते हे रानच नाही, ते खाली गाडलंय."

तिसरा नदीच्या अंगाला, पाच फूट. ओल लागली नाही. ट्रॅक्टरचं विचारलंत, त्याचं उत्तर त्या खड्ड्यातच आहे. जास्त लिहीत नाही, गावात राहायचंय.

गाळाच्या ट्रिपा रद्द. मालक दोन दिवस बोलत नव्हते, आता बोलतात. हिरव्या पट्ट्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालतेय, पुढच्या पावसाळ्यात तो शेवटी चारायचा. वरच्या टप्प्यावर काय पेरू?

गंगथडी_सायखेडा

वर अंजन आणि मारवेल ही गवतं. अंजनला वाळू मानवते, मारवेल जरा गाळाच्या जागी टाका. बी हलकं, कुसळाचं असतं, ओल्या मातीत कालवून फेका, नाहीतर वारा घेऊन जाईल. पहिलं वर्ष शेळी फिरकू देऊ नका, पुढेही चार बोटं गवत राखून उठवा. खाली हरळी आहे तीच बरी, तिच्याइतकं वाळूला कुणी धरत नाही. युरिया देणार असाल तर चिमटी चिमटीने, पावसाच्या उघडिपीत. या रानात एकदम दिलेला युरिया विहिरीत सापडतो.

तिसऱ्या खड्ड्याच्या रेषेत, नदीच्या अंगाला वाळा लावा. मुळ्या सरळ खाली जातात, पूर आडवा झाला तरी ठोंब उठून उभा राहतो. ठोंब विकत घेऊ नका, माझ्या बांधावर पन्नास-साठ निघतील. पहिला पाऊस पडून जमीन भिजली की या. गोणपाट ओलं करून आणा, आणि सासऱ्यांनाही आणा, मला त्यांना गाडलेल्या रानाबद्दल विचारायचंय.

कादवाकाठ

येते. ते म्हणतात, येताना चांदोरीला चहा पाजावा लागेल.